बोंबलाचे कूळ आणि मूळ

काही वर्षांपूर्वी युवकांच्या एका शिबिरात बोलताना आम्ही एक गोष्ट मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली होती. बोंबलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’, म्हणजे मुंबईचे बदक, असे विचित्र नाव कसे पडले याची ती गोष्ट. सुके बोंबील पूर्वी टपालाच्या आगगाडीने मुंबईहून देशभर जात. त्या गाडीला ‘बॉम्बे डाक’ म्हणत. डब्यातून येणारा उग्र वास लोकांच्या इतका परिचयाचा झाला की गाडीचे नाव मासळीला चिकटले आणि साहेबाच्या तोंडी ‘डाक’चे ‘डक’ झाले. श्रोते खळखळून हसले. आम्हीही समाधानाने खाली बसलो. गोष्ट आम्ही कोठेतरी वाचली होती आणि ती इतकी गोड होती की पडताळून पाहण्याची गरज आम्हांला भासली नव्हती.

चहाच्या वेळी किनाऱ्यावरच्या वस्तीतील एक वृद्ध कोळीण आमच्यापाशी आली. तिची नात शिबिरात होती. ती म्हणाली, “फादर, आगीनगाडी यायच्या आधी बोंबील नव्हता काय?”

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. पुढे सवड मिळेल तसे आम्ही जुने कोश आणि प्रवासवर्णने चाळली, मत्स्यशास्त्राची पुस्तके मिळवून वाचली, आणि धर्मग्रामातील दर्यावर्दी मंडळींना प्रश्न विचारून भंडावून सोडले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या आजीला उशिराने दिलेले उत्तर होय.

आगगाडीची गोष्ट प्रथम निकालात काढू. मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. परंतु मुंबई इलाख्यातील गोऱ्या नोकरदारांना ‘डक्स’ असे थट्टेने म्हणण्याचा प्रघात त्याच्या अर्धशतक आधीपासून होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जो पुढे १८१९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला, त्याच्या १८०३ सालच्या लिखाणात हा शब्द याच अर्थाने आलेला आहे. यूल आणि बर्नेल या दोघांनी रचलेला ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा अँग्लो-इंडियन शब्दांचा जो प्रसिद्ध कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्यांनी हे थट्टेचे नाव मासळीच्या नावावरूनच आले असावे असे मत दिले आहे. म्हणजे साहेब ‘बदक’ झाला तो बोंबलामुळे, आणि तेव्हा रेल्वेचे रूळ कोणी स्वप्नातही पाहिले नव्हते. मासळीला बदकाचे नाव का मिळाले, हे मात्र त्या दोन पंडितांनाही उकलले नाही. आपल्याला मूळ सापडले नाही अशी प्रांजळ कबुली देऊन ते मोकळे झाले. आम्ही त्यांच्यापेक्षा कमी प्रांजळ ठरलो होतो, हे येथे नमूद करणे भाग आहे.

खरे तर इंग्रजी नावापेक्षा आपले नाव अधिक जुने आहे आणि त्याचा प्रवास अधिक मनोरंजक आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७३ मध्ये मुंबईस आला. पोर्तुगिजांनी हे बेट इंग्रजांच्या ताब्यात देऊन तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. पुढे १६९८ मध्ये लंडनला छापल्या गेलेल्या आपल्या प्रवासवर्णनात तो माझगावचे वर्णन करतो. माझगाव हे त्या काळी मोठे कोळीवाड्याचे गाव होते आणि तेथे फ्रान्सिस्कन संन्याशांचे चर्चही होते. या गावाची ख्याती ज्या मासळीमुळे होती तिचे नाव फ्रायर देतो ‘बंबेलो’. आणि गोरगरीब तिच्यावर जगतात, अशी पुस्तीही जोडतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी परक्या वैद्याच्या कानांनी टिपलेला हा आपलाच बोंबील. माझगावला आज गोदी आहे, उंच इमारती आहेत. तेथे कोणे एके काळी बोंबील वाळत असत, यावर नवख्या माणसाचा विश्वास बसणार नाही.

पोर्तुगिजांनीही हा शब्द उचलला होता. राफाएल ब्लुतो या पंडिताने रचलेल्या विशाल पोर्तुगीज कोशाच्या १७२७ च्या पुरवणीत ‘बांबुलीं’ हा शब्द येतो आणि हिंदुस्थानातील एक रुचकर मासळी असा त्याचा अर्थ दिलेला आहे. गंमत अशी की, हाच शब्द तेथे वस्त्रावरील फॅशनेबल चुण्यांसाठीही दिला आहे. चुण्यांचा आणि बोंबलाचा काही संबंध असेल काय, हे कोणास ठाऊक! पण ताज्या बोंबलाच्या लुळ्या अंगाकडे पाहिले की संबंध अगदीच अशक्य वाटत नाही. ते काही असो. १५३४ च्या तहापासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला सर करीपर्यंत वसई दोनशे पाच वर्षे पोर्तुगिजांकडे होती. या काळात पोर्तुगीज भाषेतून पाव, बटाटा, पगार, चावी, मेज असे किती तरी शब्द आपल्या तोंडी बसले, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु किनाऱ्यावरच्या अशिक्षित मच्छीमाराच्या तोंडचा एक शब्द लिस्बनच्या कोशात जाऊन बसला, हे आम्ही तरी पूर्वी कोठे वाचले नव्हते. देवाणघेवाण म्हणजे केवळ घेवाण नव्हती, याचा हा एक लहानसा पुरावा मानावयास हरकत नाही.

आता शास्त्रज्ञांकडे वळू. बोंबलाची पहिली शास्त्रीय नोंद मुंबईत झाली नाही, ती झाली बंगालमध्ये. फ्रान्सिस बुकानन हा स्कॉटिश वैद्य कंपनीच्या नोकरीत होता. त्याने गंगा नदी आणि तिच्या शाखांतील मासळीचा मोठा अभ्यास केला आणि तो १८२२ मध्ये एडिंबरो येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात बोंबलाला ‘नेहेरियस’ हे नाव दिलेले आहे. ‘नेहारे’ या बंगाली नावावरून ते घेतले. तोपर्यंत या गृहस्थाने आईकडून आलेल्या वारशाबरोबर हॅमिल्टन हे तिचे आडनावही स्वीकारले होते. त्यामुळे दोन नावांच्या मासळीला दोन नावांच्या माणसाने तिसरे नाव दिले, असे झाले! ‘हार्पाडॉन’ हे वंशनाम लेस्युर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये योजिले. त्याचा ग्रीक अर्थ आकड्यासारखे दात असलेला. आज शास्त्रात बोंबील ‘हार्पाडॉन नेहेरियस’ या नावाने ओळखला जातो. अर्थात मुंबईच्या नावाने जगभर मिरविणाऱ्या या मासळीच्या शास्त्रीय नावात मुंबईचा मागमूस नाही.

लेस्युरने नाव अगदी चपखल निवडले. पुढच्या वेळी बाजारातून बोंबील आणाल तेव्हा गृहिणींनी तो कापण्यापूर्वी त्याचे तोंड उघडून पाहावे. जबडा डोळ्यांच्या मागेपर्यंत फाटलेला, डोळे इवलेसे, आणि दोन्ही जबड्यांत सुईसारखे बारीक, आत वळलेले दात. हे दात आतल्या बाजूस दबतात, बाहेरच्या बाजूस दबत नाहीत. सावज आत जाऊ शकते, परत येऊ शकत नाही. ज्या मासळीला आपण मऊ, लिबलिबीत, बिनहाडाची समजून लहान मुलांच्या ताटात वाढतो, ती समुद्रात अत्यंत खादाड शिकारी आहे. जवळा आणि लहान कोळंबी हे तिचे मुख्य अन्न. त्याशिवाय लहान मासे, आणि वेळप्रसंगी स्वतःच्याच जातीची पिल्ले. पोट फाडताना आत आणखी एक लहान बोंबील सापडला, हा अनुभव आमच्या अनेक भगिनींना असेल.

बोंबलाची सर्वसाधारण लांबी वीत-सव्वा वीत, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर. क्वचित तो ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. अंगाच्या पुढच्या भागावर खवले नसतात, ते मागच्या भागावरच असतात. पाठीवर शेपटीच्या अलीकडे मांसल असा एक छोटा पर असतो. शेपटीला दोनऐवजी तीन टोके असतात. कुशीवरून जाणारी, पाण्यातील हालचाल टिपणारी संवेदनरेषा थेट या मधल्या टोकापर्यंत पोचते. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग तो किती! तेथे अंगाने पाहावे लागते. कुळाचा विचार केला तर त्याचे सख्खे भाऊबंद म्हणजे वाळूवर दबा धरून बसणारे, सरड्यासारख्या तोंडाचे मासे. आपले कोळी बांधव त्यांना ‘चोर बोंबील’ म्हणतात. शास्त्रज्ञांनी दातांची आणि हाडांची तुलना करून जे नाते ठरविले, ते आमच्या मच्छीमारांनी नाव देतानाच ओळखले होते. याच गोतावळ्यातील इतर अनेक मासे खोल, काळोख्या समुद्रात राहतात, आणि बोंबलाच्या वंशातील काही जातीही खोल पाण्यातल्याच आहेत. बोंबलाचे पाणीदार, सैल अंग खोल समुद्रातील माशांची आठवण करून देते. पण हा पठ्ठ्या मात्र बिऱ्हाड घेऊन किनाऱ्यालगतच्या उथळ चिखलात येऊन राहिला.

चिखल हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो, कारण बोंबलाचा सारा इतिहास त्या एका शब्दात आहे. नकाशा समोर घेऊन पाहा. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सौराष्ट्रातील जाफराबादच्या परिसरापासून मुंबईपर्यंत बोंबील विपुल आहे. मुंबईखाली रायगडचा किनारा सोडला की तो विरळ होऊ लागतो आणि रत्नागिरीच्या दक्षिणेस जवळजवळ दिसेनासा होतो. गोवा, कारवार, केरळ हा सारा मुलूख त्याने वगळला आहे. मग आंध्रच्या उत्तरेकडील किनाऱ्यापासून तो पुन्हा दिसू लागतो आणि ओरिसा, बंगाल, सुंदरबन, बांगला देश येथे पुन्हा रेलचेल. बंगाली माणूस त्याला ‘लोटे’ म्हणतो, चितगावकडचा ‘लोइट्टा’. त्याही पुढे ब्रह्मदेश, इंडोनेशिया, चीनपर्यंत त्याची वस्ती आहे. मधल्या सुमारे दीड-दोन हजार किलोमीटर किनाऱ्याचे याला एवढे वावडे का? डॉ. सुंदरलाल होरा या थोर भारतीय मत्स्यशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या नियतकालिकात बोंबलाच्या भ्रमंतीवर एक स्वतंत्र निबंध लिहिला, इतके हे कोडे अभ्यासकांना छळत होते. पुढे १९७० मध्ये केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने श्री. बापट यांचा बोंबलावरील सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला.

हे दोन प्रदेश शेजारी ठेवून पाहिले की काही गोष्टी सामान्य माणसाच्याही ध्यानात येतात. खंबातच्या आखातात नर्मदा, तापी, मही, साबरमती या नद्या आपला गाळ आणून ओततात. भावनगरला उधाणाच्या भरतीचे पाणी ओहोटीच्या पातळीहून दहा मीटरांपेक्षा अधिक चढते. मुंबईस हा फरक पाच मीटरांच्या आसपास असतो. गोव्यास जेमतेम दोन. तिकडे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी पुन्हा गाळाचे साम्राज्य आणि पुन्हा मोठी भरती. याचा अर्थ असा की, जेथे मोठ्या नद्यांचा मऊ गाळ आहे आणि तो ढवळणारी जोरकस भरती-ओहोटी आहे, तेथे बोंबील आहे. गाळावर सूक्ष्म जीव पोसले जातात, त्यांवर जवळा, जवळ्यावर बोंबील. पावसाळ्यात नद्या खत घेऊन येतात. पावसाळा सरता सरता जवळ्याची रेलचेल होते आणि आश्विन-कार्तिकात बोंबलाचे थवेच्या थवे किनाऱ्याकडे येतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्याचा खरा हंगाम. आपण स्वच्छ निळ्या समुद्राची चित्रे पाहून हळहळतो की आमच्या वसईचा समुद्र असा मातकट का. त्या मातकटपणावरच आमची चूल पेटत आली, हे आम्ही विसरतो.

जी गोष्ट बोंबलाने ओळखली, तीच आमच्या किनाऱ्यावरील माणसानेही ओळखली, आणि तिच्यातून ‘डोल’ निर्माण झाली. ज्यांनी ती पाहिली नाही अशा वाडवळ-कुपारी वाचकांसाठी थोडे सांगतो. डोल म्हणजे नरसाळ्यासारखे प्रचंड जाळे. तोंडाकडे मोठी आसे. ती मागे लहान लहान होत जातात आणि शेवटच्या पिशवीत, जिला ‘खोला’ म्हणतात, इतकी बारीक होतात की जवळाही सुटू नये. समुद्रतळात लांब लाकडी खुंट रोवायचे आणि त्यांना डोल बांधून तिचे तोंड प्रवाहाकडे करायचे. बाकीचे काम समुद्र करतो. भरतीचे वा ओहोटीचे पाणी धावू लागले की जाळे फुगते आणि प्रवाहाबरोबर येणारी मासळी खोल्यात जाऊन बसते. पाणी स्थिरावले की नाखवा खोला ओढून घेतो. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ असते, तेव्हा डोल भरते. भांगाच्या दिवसांत ओढ मंदावते, तेव्हा माणसे जाळी दुरुस्त करतात, लग्ने ठरवितात आणि भांडणे मिटवितात. कोळीवाड्यातील कुटुंबाची भेट घ्यावयाची असेल तर पंचांग पाहून जावे, हे आम्ही तेथील पहिल्याच वर्षी शिकलो.

मोठी भरती नसेल तर डोल निरुपयोगी. म्हणूनच डोल आणि बोंबील यांचा प्रदेश एकच आहे. जाफराबादेस डोल, नायगाव, वसई, अर्नाळा, उत्तन, मढ, वर्सोवा येथे डोल. (जाफराबाद ही जंजिऱ्याच्या सिद्दीची जहागीर होती आणि १९४८ पर्यंत ती तशीच राहिली, हे सहज आठवले म्हणून सांगतो. मुंबईच्या दक्षिणेचा आणि खंबातच्या पश्चिमेचा किनारा दीर्घकाळ एका धन्याखाली होता.) आणि नवल असे की, बंगालच्या खाड्यांतही हुबेहूब याच तत्त्वावरचे जाळे आहे, त्याला तेथे ‘बेहुंदी जाल’ म्हणतात. देशाच्या दोन टोकांना एकच मासळी, एकच चिखल आणि एकच युक्ती!

खुंट रोवण्याच्या जागेला आपल्याकडे ‘कव’ म्हणतात. कव ही शेताच्या तुकड्यासारखी पिढीजात मानली जाते. पाण्यावर रेघ मारता येत नाही अशी म्हण आहे, पण आमच्या मच्छीमारांनी ती मारली आणि पाळली. किनाऱ्यावरच्या खुणा, मंदिराचे शिखर, चर्चचा मनोरा, डोंगराचा सुळका एका रेषेत आणून भर समुद्रात आपली जागा अचूक शोधण्याची विद्या त्यांच्यापाशी होती. यंत्राच्या होड्या आल्या, सणाच्या सुताऐवजी नायलॉन आले, तशा कवी दूर दूर सरकल्या आणि उत्तरेकडे डहाणू-सातपाटीच्या मच्छीमारांच्या वाटेत जाऊ लागल्या. त्यावरून दोन्ही बाजूंत जो कलह माजला तो अनेकांना ठाऊक आहे. उत्तरेकडच्या बांधवांची वाहती जाळी खुंटांत अडकून फाटतात, ही त्यांची तक्रार खोटी नाही. दक्षिणेकडच्यांना किनाऱ्याजवळ मासळी उरली नाही, हेही खोटे नाही. आमच्या धर्मग्रामातील माणसे यांतील एका बाजूची आहेत, म्हणून आम्ही न्यायनिवाडा करण्याच्या भरीस पडत नाही.

आता पुन्हा फ्रायरच्या ‘गोरगरिबां’कडे येऊ. बोंबील गरिबांचे अन्न का झाला, याचे उत्तर त्याच्या देहातच आहे. त्याच्या अंगात शेकडा अठ्ठ्याऐंशी ते नव्वद भाग निव्वळ पाणी असते. शंभर किलो ओल्या बोंबलात घन पदार्थ जेमतेम दहा-बारा किलो. म्हणून तो तासाभरातच लुळा पडतो, लवकर नासतो, आणि गृहिणी त्याला वरवंट्याखाली दाबून पाणी काढल्याशिवाय तव्यावर घालीत नाहीत. पण हाच दोष त्याचा गुण ठरला. अंग पातळ आणि मांस सैल असल्यामुळे तो उन्हात, वाऱ्यावर दोन-चार दिवसांत खडखडीत वाळतो, तोही मीठ न लावता. या शेवटच्या मुद्द्याकडे इतिहासकारांनी लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते. इंग्रजी अमलात मिठावर कर होता आणि तो १९४७ पर्यंत टिकला. इतर मासळी खारविण्यास मीठ लागे, म्हणजेच सरकारला पैसे मोजावे लागत. बोंबलाला लागत होते ते ऊन आणि वारा, आणि त्यांवर कर बसविण्याची युक्ती कोणाला सुचली नाही.

वाळविण्याची रीत तुम्ही किनाऱ्यावर पाहिली असेल. बांबू रोवून त्यांना दोऱ्या ताणतात. या मांडवाला वलांडी म्हणतात. बायका दोन बोंबील हाती घेतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवितात आणि जोडी दोरीवर टाकतात. सावज सुटू नये म्हणून दिलेले आत वळलेले दात येथे एकमेकांना धरून ठेवतात. गाठ नाही, सुतळी नाही, आकडा नाही. अनुभवी हात हे काम इतक्या झपाट्याने करतात की डोळ्यांना दिसत नाही.

या वाळलेल्या बोंबलाने पावसाळ्याचे चार महिने किनारा आणि वाडी दोघांनाही जगविले. वैशाखात आगोटीची बेगमी करताना तांदूळ, मिरची, चिंच यांबरोबर बोंबील आणि सुकट माळ्यावर चढत असे. शेतकऱ्याने केळी आणि भाजी द्यावी, कोळणीने सुकी मासळी द्यावी, असा व्यवहार आमच्या लहानपणीही चाले; पैसा मध्ये येतच असे असे नाही. पारशी मंडळींचा ‘तारापोरी पातियो’ याच सुक्या बोंबलाचा, आणि त्याच्या नावातील तारापूर म्हणजे आपल्या पालघर जिल्ह्यातील तारापूर. आपल्याकडे उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य असे, तेव्हा कांजीबरोबर भाजलेला बोंबील हेच अनेक घरांतील जेवण होते. तो दिवस त्यागाचा होता की मेजवानीचा, याविषयी आमच्या बालमनात संभ्रम असे.

मात्र हेही सांगितले पाहिजे की, ज्यांनी बोंबील खाल्ला त्या सर्वांनी तो वाळविणाऱ्यांचा मान राखला नाही. आम्ही स्वतः शेतकरी कुटुंबातले. सेमिनरीत असताना किनाऱ्यावरच्या एका सहाध्यायाच्या ट्रंकेला बोंबलाचा वास येतो म्हणून त्याची जी टवाळी झाली, तीत आमचाही स्वर होता. सुटीनंतर तो ट्रंक रिकामी घेऊन येऊ लागला, आणि मग रात्री आम्हा सर्वांनाच चटणी मिळेनाशी झाली. नव्वदीच्या दशकात युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणास्तव सुक्या बोंबलाच्या आयातीवर बंदी घातली आणि विलायतेतील खवय्यांनीच ओरड करून ती सैल करून घेतली. बाहेर वाळविण्यास मुभा, परंतु बांधणी मान्यताप्राप्त ठिकाणी, असा तोडगा निघाला. ती बातमी वाचताना आम्हांला ती ट्रंक आठवली.

आज परिस्थिती काय आहे? देशात वर्षाकाठी सुमारे लाखभर टन बोंबील अजूनही उतरतो आणि त्यातील मोठा वाटा गुजरात व महाराष्ट्राचा आहे. तेव्हा बोंबील संपला अशी ओरड करण्याचे कारण नाही. चिंता आहे ती वेगळीच. डोलीचा खोला बारीक असतो तो जवळ्यासाठी. पण त्याच खोल्यात बोंबलाची पिल्लेही येतात. बोंबील आणि त्याचा घास एकाच पिशवीत. जवळा धरावा तर पिल्ले मरतात; पिल्ले सोडावीत तर जवळा सुटतो आणि त्या दिवशीचे डिझेल अंगावर येते. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. बोंबलासाठी ती १८० मिलिमीटर आहे. नियम योग्य आहे असे आमचे मत आहे. पण प्रवाहात उभ्या असलेल्या जाळ्याला मोजपट्टी कशी शिकवावी, हे नियमात लिहिलेले नाही. (त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. पापलेटशी आमचे वैर नाही. तरी मनात आले ते आलेच.)

त्याहून मोठी गोष्ट समुद्राच्या तळाची. आमचे नाखवे सांगतात की काही दिवशी खोला जड लागतो, ओढून पाहावा तर मासळीपेक्षा प्लास्टिकच्या पिशव्याच अधिक. आणि उत्तरेस, डहाणूजवळ वाढवण येथे ७६,२०० कोटी रुपयांच्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणीही झाली. त्यासाठी १,४४८ हेक्टर समुद्र भरून जमीन केली जाणार आहे. देशाला बंदरे हवीत, हे आम्ही जाणतो. परंतु खंबातपासून मुंबईपर्यंत हा एक सलग गाळाचा पट्टा आहे, आणि बोंबील या पट्ट्याबाहेर जाऊन राहणारा मासा नाही, हे त्याने रत्नागिरीखालचा किनारा वगळून कधीच सांगून ठेवले आहे. भरतीची वाट एका ठिकाणी बदलली तर गाळ दुसऱ्या कोणत्या ठिकाणी बसेल आणि कोणाच्या कवीत पाणी धावेनासे होईल, हा प्रश्न विचारणाऱ्या मच्छीमारांना विकासाचे शत्रू म्हणणे आम्हांला अन्यायाचे वाटते. ते आपल्या शेताविषयी विचारीत आहेत. फरक इतकाच की त्यांचे शेत पाण्याखाली आहे आणि त्याचा सातबारा नाही.

गेल्या डिसेंबरात हे सारे सांगण्यासाठी आम्ही मुद्दाम त्या आजीकडे गेलो. माझगाव, फ्रायर, एल्फिन्स्टन, लिस्बनचा कोश, एकेक करून सांगितले. वलांडीखाली बसून तिने सर्व ऐकून घेतले. आगगाडीची गोष्ट खोटी निघाली याचे तिला काही नवल वाटले नाही. मग तिने पायाशी पडलेल्या टोपलीत हात घातला आणि बोटाएवढ्या लांबीचे मूठभर बोंबील वर काढले. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून ती जोडी तिने दोरीवर टाकली. ती घसरून वाळूत पडली. तिने पुन्हा टाकली, पुन्हा पडली.

“बघा फादर,” ती म्हणाली, “यांचे दात अजून धरत नाहीत.” आणि तिने ती मूठ शेजारच्या चटईवर, जवळ्याच्या राशीत पसरून दिली.